जोगळेकरांच्या भुंगेऱ्याचं कुळ

जोगळेकरांच्या खिशात कायम तीन काडेपेट्या असत आणि ते विडी-सिगारेटला शिवतही नसत. कुणी काडी मागितली की त्यांना घाम फुटे. पेट्यांत मेलेले भुंगेरे होते.

ऐंशी सालच्या आगेमागे आम्ही आखातात, मनाम्यात एकाच कंपनीत होतो. मी ड्राफ्ट्समन, ते लाकडाच्या वखारीत स्टोअरकीपर. किड्यांनी पोखरलेल्या एका फळीत त्यांना तांदळाएवढा भुंगेरा सापडला आणि त्यांची झोप उडाली.

"बोथ्रिडेरिडी कुळातला वाटतो," ते कुजबुजले. "पण त्यांच्या मिशांची मुळं उघडी असतात, ह्याची झाकलेली. मग हा शेजारच्या कुळातला का? काय करायचं हो?"

'काय करायचं हो' हे त्यांचं पालुपद. चहा गार झाला तरी तेच.

मी रजेवर एकटाच मायदेशी निघालो. मुलांच्या शाळेमुळे बायको मनाम्याजवळ अरादच्या घरीच राहिली. जोगळेकरांनी एक पेटी माझ्या हाती दिली. पुण्यातल्या एका प्राध्यापकांना दाखवायची होती.

"पोस्टाने पाय मोडतात त्याचे. बॅग आपटू नका. पेटी उघडलीत तर शिंकू नका."

निघताना विमानतळावर अधिकाऱ्याने ती उघडली तेव्हा मी खरोखरच श्वास रोखला. त्याने आधी भुंगेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "यल्ला, यल्ला" करत मला पुढे घालवलं.

प्राध्यापकांनी दोन दिवस भिंग लावून पाहिलं. "सध्या कुठल्याच कुळात बसत नाही. वेगळा ठेवू."

हे जोगळेकरांना कसं सांगायचं, ह्या काळजीत माझी उरलेली रजा गेली. परतलो तर ते विमानतळावर हजर. मी सांगून टाकलं. ते बाकावर बसले.

"त्यात त्याची काही चूक नाही ना?"

"त्याची कसली चूक?"

"मी मिरजेच्या अनाथाश्रमात वाढलो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "जोगळेकर हे तिथल्या व्यवस्थापकांचं आडनाव. लग्नाच्या बैठकीत कुळ विचारलं, की मी उठून यायचो. तिसऱ्यांदा उठलो, त्यानंतर बसलोच नाही."

"घरी चला, जेवायला," मी म्हणालो.

"वहिनींना न विचारता?"

टॅक्सीत त्यांनी हे आणखी दोनदा विचारलं. अरादला पोचलो, तर बायकोने दारातूनच त्यांना पाहिलं आणि आत जाऊन आणखी एक पाट मांडला.