शून्य ताऱ्यांचे कुटुंब

यंदाच्या सुट्टीत एका ऐतिहासिक शहरात भाड्याचे घर घेऊन सात दिवस राहावे, असा ठराव सदर कुटुंबाने सकाळच्या चहाला तीन विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. कुटुंबप्रमुख हेडक्लार्क यांनी मतदान केले नाही. ते चष्मा शोधत होते. त्यांच्या आईने ठरावाच्या बाजूने मत दिले, कारण गुडघ्यांमुळे ती जाणार नव्हती आणि आठवडाभर टीव्ही तिला एकटीला मिळणार होता. एकच अट होती, ती बायकोने घातली.

"सात दिवस मी झाडूला हात लावणार नाही. भांड्यांना नाही, कपड्यांना नाही. एकवीस वर्षं झाली आता. कबूल असेल तर चला, नाहीतर तुम्ही दोघं जा, मी इथेच आडवी पडते."

"कबूल!" हेडक्लार्क म्हणाले. त्यांचे काय जात होते कबूल म्हणायला? झाडू घरात कुठे असतो, हेही या गृहस्थाला माहीत नव्हते.

कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मोबाइलवर घर शोधले. तीनशे वर्षांची दगडी इमारत, गोल जिना, खिडकीतून किल्ल्याचा बुरूज. आणि खाली एक ओळ : 'घर झाडायला रोज माणूस येतो.' बायकोने त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

अर्ज गेला. दोन मिनिटांत उत्तर आले : 'पाहुणे म्हणून आपले तारे : शून्य. शून्य तारांकित व्यक्तींस ऐतिहासिक जिन्यावर पाय ठेवता येत नाही. कुटुंबाने प्रथम अन्यत्र राहून सरासरी किमान साडेचार तारे प्राप्त करावेत व मग संपर्क साधावा.'

आणखी सहा घरे पाहिली. सगळ्यांचे तेच. राहायचे तर तारे हवेत, आणि तारे हवेत तर आधी कुठेतरी राहायला हवे.

"हा काय चावटपणा आहे?" बायको म्हणाली.

हेडक्लार्क मात्र भारावून गेले. त्यांच्या कार्यालयात ते रोज समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडून जिवंत असल्याचा दाखला मागत. म्हातारा खोकला तरी चालत नसे. खोकला साक्षांकित लागे. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "पण राहायचं ते घर कुणाचं असावं, असं काही लिहिलंय का त्यात?"

लिहिले नव्हते.

त्यांनी राहता फ्लॅटच वेबसाइटवर भाड्याचे घर म्हणून नोंदवला. मालकीण आई, कारण फ्लॅट तिच्या नावावर. उरलेल्या तिघांनी शनिवार-रविवारसाठी पाहुणे म्हणून आपल्याच घराचे आरक्षण केले. आईने प्रत्येकाला पाच तारे टाकायचे की काम झाले. सोमवारपासून रजा मंजूर होतीच.

शनिवारी बाहेरून जेवून, नाटक खरे वाटावे म्हणून बॅगा घेऊन, तिघे दारात आले. दार साखळीपुरते उघडले.

"प्रवेश दोनला. आत्ता पावणेदोन झालेत," आई म्हणाली.

"आई, अगं मी आहे!"

"ओळखपत्र?"

"तू जन्म दिलायस मला!"

"दिला असेल. दाखला आणलायस?"

दाखला कपाटात होता आणि कपाट आत होते. दोष नियमांतही असू शकतो, हे हेडक्लार्कांनी आयुष्यात प्रथमच पाहिले आणि ताबडतोब नजर फिरवली. शेवटी मुलीने मोबाइलमधला जुना फोटो दाखवून बापाची ओळख पटवली.

आत फ्रिजवर अकरा नियमांचा कागद होता. सोफ्यावर लोळू नये. दारे आपटू नयेत. रिमोट मालकिणीकडे राहील. (तो कायमच तिच्याकडे असे, आता ते लेखी झाले.) संध्याकाळी चौघांनी हॉटेलातून मागवलेले खाल्ले आणि ताटे टेबलावर राहिली. बायकोने हात धुतले, खुर्चीत बसली आणि पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले.

"सूनबाई, भांडी?"

"पाहुण्यांनी भांडी घासावीत, असं आहे का हो आई तुमच्या नियमांत?"

आईने कागद दोनदा वाचला. नव्हते. बारावा नियम लिहायला तिने पेन उचलले, तोच मुलीने वेबसाइट वाचून दाखवली : पाहुणे आत आल्यावर नियम बदलता येत नाहीत. स्वच्छता ही मालकपक्षाची जबाबदारी. अस्वच्छ घर यादीतून बाद, आणि बाद घराने दिलेले तारेही बाद.

"माझ्या गुडघ्यांनी मी काय करू?" आई म्हणाली. "व्यवस्थापक नेमावा लागेल."

सगळ्यांनी हेडक्लार्कांकडे पाहिले. त्यांचे पाहुणेपण तत्काळ रद्द होऊन त्यांना व्यवस्थापकपदी रुजू करून घेण्यात आले.

"म्हणजे मी करायचं काय?"

"आधी झाडू शोधा, बाबा."

झाडू चाळीस मिनिटांनी सापडला. दाराच्या मागे होता.

रविवारी दुपारपर्यंत व्यवस्थापकाने दोन कप फोडले होते, फरशीवर साबण ओतून स्वतः घसरला होता आणि बेसिनमध्ये भात अडकवला होता. पाहुणी पुस्तक वाचत होती. ते तिने मुलगी बालवाडीत असताना सुरू केले होते.

सोमवारी सकाळी तारे जाहीर झाले. सून : पाच. 'शांत पाहुणी. अशी ती पूर्वी कधी दिसली नव्हती.' नात : पाच. मुलगा : एक. 'ऐन वेळी आरक्षण रद्द केले.'

"आई! सरासरी गेली ना खड्ड्यात! पावणेचारही होत नाहीत!"

"खोटं कसं लिहू रे? सही आहे माझी."

आता पुन्हा राहून पुन्हा तारे मिळवणे आले. एवढ्यात मुलगी ओरडली, "आई, तुला एकटीला पाच आहेत! तू एकटी जाऊ शकतेस त्या घरी!"

बायकोने मोबाइल घेतला आणि ऐतिहासिक घराच्या अटी या वेळी शेवटपर्यंत वाचल्या. झाडणारा माणूस रोज येतो; तो काय झाडायचे ते दाखवतो. झाडणे पाहुण्यांनी. तिने शांतपणे बटण दाबले आणि राहत्या घरातला आपला मुक्काम पुढच्या रविवारपर्यंत वाढवला.

"अगं पण माझी सात दिवसांची रजा!" हेडक्लार्क कळवळले.

"बरं झालं ना. पाहुण्यांना पूर्णवेळ माणूस लागतो."

मुक्काम संपल्यावर तिने घराला तीन तारे दिले. 'मालकीण कडक पण खरी. व्यवस्थापक एक ताट घासले की शाबासकीसाठी उभा राहतो.'

या शेऱ्याविरुद्ध हेडक्लार्कांनी वेबसाइटकडे, आपल्या रोजच्या दिनक्रमाचा तपशील जोडून, रीतसर अपील केले : 'मी या घरात एकवीस वर्षे राहत असून आजवर मजविरुद्ध एकही लेखी तक्रार नाही.' उत्तर त्याच दिवशी आले. 'आपण तपशिलात दिल्याप्रमाणे आयते जेवण, धुतलेले कपडे व घातलेले अंथरूण ही सेवा एकवीस वर्षे घेतलेली दिसते. सबब आपण पाहुणे ठरता. मुक्काम विनाआरक्षण असल्याने जागा कधी सोडता, ते कळवावे.'

तुम्ही हसताय. हसा. पण हे वाचताना जो चहा संपवलात, त्याचा कप आता कोण उचलणार आहे? तो तिथेच सोडून उठणार असाल, तर तुमचा मुक्काम कधीपर्यंत आहे, तेवढे आत जाऊन विचारून या.