सिंहमहाराजांचा मदरबोर्ड

एका जंगलात, मुलांनो, एक कम्प्युटर होता. जंगलात वीज कुठून आली, असे विचारू नका. शहाणी मुले गोष्टीत असले प्रश्न विचारत नाहीत.

कम्प्युटर सिंहमहाराजांच्या तरुणपणचा. कित्येक वर्षे गुहेत बंद पडून होता. या शिमग्याला महाराजांच्या राज्याची मुदत संपणार होती. जाण्याआधी तो एकदा चालू झालेला बघावा, अशी त्यांना हौस आली.

त्यांनी झिपरू मुंगसाला बोलावले. "एवढा चालू करून दे. झऱ्याकाठचं गार बीळ तुझं."

झिपरू हरखला. त्याचे बीळ उन्हातल्या खडकात होते. बायकोला दिवस गेलेले आणि उन्हाळा तोंडावर आलेला.

त्याने मदरबोर्ड बाहेर काढला. लगेच गर्दी जमली.

"दोन थपडा मार," अस्वल म्हणाले.

"रॅम काढ आणि खोडरबरने घास," माकड म्हणाले. माकडाला एवढेच येत होते, पण ते सगळीकडे सांगत असे.

झिपरूने दोन्ही करून पाहिले. काही झाले नाही. मग त्याने नीट बघितले. बोर्डावरचा जुना सेल फुटून पाझरला होता. त्याच्या हिरव्या खाराने तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकल्या होत्या.

झिपरूने सेल उपटला. लिंबाच्या रसाने खार धुतला. बोर्ड वाळवला. तुटलेल्या रेघांवर बारीक तारा कथलाचा डाग देऊन जोडल्या. डोळे चुरचुरले, शेपटी थोडी जळली. बिचारा बिळाच्या आशेवर तग धरून होता.

मग बटण दाबले. टूं! पडदा उजळला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

पडद्यावर तारीख आली : १ जानेवारी १९८०.

महाराज बघतच राहिले. "अरे, हे तर माझ्या राज्याभिषेकाचं वर्ष! म्हणजे मुदत संपायला अजून खूप वेळ आहे."

"महाराज, तारीख चुकलीय," झिपरू म्हणाला. "सेल काढला ना, म्हणून घड्याळ मागे गेलंय. नवा आणलाय, आत्ता बसवतो."

"खबरदार!" कोल्हा प्रधान ओरडला. "कम्प्युटर कधी खोटं बोलतो का रे?"

म्हातारे हत्ती, गवे खूश झाले. सगळे एका क्षणात तरुण झाले होते. गुडघे तेवढे दुखायचे थांबले नाहीत, पण तिकडे कोणी लक्ष दिले नाही.

झिपरूने वाद सोडला. "राहू दे ती तारीख. माझं बीळ तेवढं द्या, महाराज. घरी ती वाट बघतेय."

महाराजांनी प्रधानाकडे पाहिले. प्रधानाने झिपरूला खालून वर न्याहाळले.

"तुझा जन्म कधीचा?"

"ऐंशीच्या बराच नंतरचा."

"मग तू अजून जन्मलेलाच नाहीस. नसलेल्या मुंगसाला बीळ कसं देणार? जन्मलास की ये, बघू."

झिपरू खडकाकडे परतला. मला फार वाईट वाटले, मुलांनो. महाराजांना वाटले नाही, कारण त्यांच्या समोरून कोणी गेलेच नव्हते.

तात्पर्य : कष्ट करणाऱ्याला त्याचे फळ हमखास मिळते. फक्त कामाला लागण्यापूर्वी, मालकाच्या हिशेबाने आपण जन्मलो आहोत की नाही, एवढे विचारून घ्यावे.