सयाजीरावांना चालवणारी समिती

भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथवर काम करणाऱ्या सयाजी ढवळे यांना मधुमेह निघाला, तेव्हा डॉक्टर मिनलताईंनी दोन गोष्टी सांगितल्या. रोज चाला, आणि एकट्याला कंटाळा येतो, तेव्हा चार माणसांची सोबत घ्या. यातली पहिली गोष्ट निरुपद्रवी होती.

दुसरी त्यांनी चिखलीतल्या आपल्या सोसायटीचे अध्यक्ष यशवंतराव यांच्या कानावर घातली. यशवंतराव गहिवरले. "राव, तुमची शुगर ती आमची शुगर!" रविवारी सभा भरली आणि 'मधुमेही पदयात्री आधार समिती' एकमताने स्थापन झाली. लाभार्थी एकच, सयाजीराव.

"मग उद्या सकाळी निघू या?" लाभार्थ्याने विचारलं.

"उद्घाटनाआधी?" यशवंतराव दचकले. "आणि एकटे तर मुळीच जाऊ नका. वाटेत चक्कर आली, तर समितीनं तोंड कुठं दाखवायचं?"

प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना. तोवर समिती नुसती बसून राहणं शक्य नव्हतं. ती सभा घेऊन बसली. दर सभेला पेढे. सयाजीरावांनी हात आखडला, की "समितीचा मान राखा" म्हणून पेढा तोंडात. ते कोपऱ्यावरून दूध आणायला पायी जात. काळजीपोटी दूध दारात येऊ लागलं. बसथांब्यापर्यंतही ते चालत जात; सदस्यांनी पाळ्या लावून त्यांना थेट वर्कशॉपच्या दारात गाडीने सोडायला सुरुवात केली. एकदा ते लिफ्ट सोडून जिना चढताना सापडले. त्या दिवसापासून जिन्यापाशी एक सदस्य उभा राहू लागला.

पुढच्या तपासणीला रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. "चालताय ना?"

"चालण्याची प्रक्रिया चालू आहे," सयाजीराव म्हणाले.

गोळ्या वाढल्या. तळपायांना मुंग्या येतात, हे त्यांनी फक्त बायकोला, सुभद्राबाईंना सांगितलं. सयाजीरावांच्या थोरल्या भावाचा पाय याच दुखण्यात गेला होता.

अखेर उद्घाटन झालं. मांडव, फीत, शाल, श्रीफळ. 'चालण्याचे महत्त्व' या विषयावर पाहुणे इतके बोलले, की बसून बसून श्रोत्यांचे पाय बधिर झाले. मग जिलेबी.

"आता निघायचं?" सयाजीरावांनी हळूच विचारलं.

"आज सगळे दमलेत हो," यशवंतराव म्हणाले.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सुभद्राबाई उठल्या आणि सरळ व्यासपीठाशी आल्या. "उठा. चला माझ्यासंगं."

"अगं, आभारप्रदर्शन व्हायचंय."

"पाय हायेत तवर चाला. आभार मागून माना."

दोघं फाटकाबाहेर पडली. रस्ता उखडलेला, टेम्पो अंगावर येणारे. दोघं कडेकडेनं चालू लागली. मग सुभद्राबाईंनी भाचीच्या लग्नातलं मानपानाच्या भांडणाचा किस्सा काढला आणि हसता हसता सयाजीराव चढ कधी चढून गेले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही दोघं गेली. मग तो नेमच झाला. हळूहळू शुगर उतरू लागली.

परवानगीविना चालल्याबद्दल समितीने खुलासा मागवला. तो न आल्याने सयाजीरावांचं नाव कमी करण्यात आलं. आता नवा लाभार्थी कुठून आणायचा, हा पेच फार टिकला नाही. समितीनेच भरवलेल्या शुगर तपासणी शिबिरात अध्यक्षांसकट निम्मी समितीच पात्र ठरली.

यशवंतराव लवकरच चालणार आहेत. त्यांना आधाराची नितांत गरज आहे; आणि तुम्ही किती सहृदय आहात, हे इथवर वाचत बसलात त्यावरून दिसतंच. समितीत जागा आहेत. नाही, नाही, उठू नका. बसल्या जागी सदस्य करून घेतो.