बक्षिसाचा सदरा

सासऱ्यांचा सुती सदरा दोरीवरून नाहीसा झाला आणि घरादाराची झोप उडाली. सदरा साधासुधा नव्हता. सगळ्यांपेक्षा जास्त फवारणी केल्याबद्दल कीटकनाशकांच्या दुकानदाराने तो बक्षीस दिला होता, पाठीवर दुकानाचे नाव जाड नायलॉनच्या दोऱ्याने भरून.

सासऱ्यांनी आधी परटाला धारेवर धरले, मग शेजारच्या शेळीवर संशय घेतला. शेळीच्या मालकिणीने बोलणे टाकले. सून मात्र नवऱ्याच्या अंगातला विटका सदरा बघून जागच्या जागी थिजली. तिच्या समजुतीप्रमाणे तो तर तिने कधीच पुरला होता.

विषाने मेलेली जमीन पुन्हा जिवंत करायची म्हणून ती मागच्या तुकड्यात शेणखत आणि पालापाचोळा घालत होती. माती तपासणाऱ्या बाईंनी सांगितले होते, सुती कपडा दोन महिने पुरून ठेवा, माती जिवंत असेल तर खाईल. गेल्या वर्षी पुरलेला बनियन जसाच्या तसा निघाला. सासऱ्यांनी तो धुऊन अंगात घातला आणि वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. यंदाही कपडा शाबूत निघाला तर तुकड्यावर पुन्हा फवारणीचा पंप फिरणार होता. आणि यंदा तिने घाईघाईत दोरीवर उलटा वाळत घातलेला भलताच सदरा उचलला होता.

आता झाली का पंचाईत! मुदतीआधी उकरावे तर परीक्षाच बाद. सदरा निघाला तर तुकडा जाणार, नाही निघाला तर सासऱ्यांना तोंड कसे दाखवायचे?

मुदत भरली तेव्हा सासरे स्वतःच फावडे घेऊन आले. पहिल्याच घावाला ते थबकले. एरवी इथे फावडे खणखणायचे, आज ते अलगद आत गेले. खाली काळीभोर, ओलसर माती होती आणि तिच्यात गांडुळांची नुसती लगबग चालली होती. सून आपली भीती विसरून बघतच राहिली. एवढे जीव इथे कुठून आले, कुणी बोलावले यांना? कापडाचा मागमूस नव्हता. हाती लागली ती बटणे आणि दोऱ्यांचे एक जाळे. त्यात दुकानाचे नाव अजून वाचता येत होते.

सासऱ्यांनी ते वाचले.

"मामंजी, चुकून झालं," ती पुटपुटली.

ते गुडघ्यांवर बसले. मूठभर माती उचलून त्यांनी हुंगली, पुन्हा हुंगली.

"लहानपणी असा वास यायचा," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, वयामुळं माझं नाकच गेलं."

मग उठले, अंगातला सदरा काढला, त्याखालचा तो गेल्या वर्षीचा बनियन काढला आणि सुनेच्या हातात दिला.

"हा मोठ्या शेतात पूर," ते म्हणाले. "आणि परटाकडं तू जा. मला तोंड राहिलेलं नाही."