पाठराखीण काच

सुखदेव काका लेकराच्या बोटाले सुई लावायच्या आधी आपल्याच बोटाले लावते. खोटं सांगत नाही. अमरावतीच्या ज्या लॅबमंधी तो कामाले हाय तिथं आजही गेलं तं त्याच्या डाव्या हाताची बोटं पाहून घ्या, भुंगा लागेल मुगासारखी झाली हायेत.

आमी मूर्तिजापूरचे. मी सातवीपर्यंत शिकेल, मले लिहाचं जास्त येत नाही, पण या माणसाचं सांगा लागते. माही आरू चार वर्षाची. बारा दिवस ताप, उतरे अन् चढे, अन् मंग पायावर निये डाग उठले, कुठी पडली नाही की झडली नाही. आमच्या डॉक्टरनं रक्त पाह्यलं अन् म्हणे पेशी लय उतरल्या, अमरावतीले नेऊन रक्ताची काच पाहून घ्या, आजच जा. आजच काऊन, हे त्यानं सांगतलं नाही. शेजारच्या काकूनं सांगतलं. तिच्या भाच्याले असेच डाग आले होते अन् रक्ताचा कॅन्सर निंगाला होता. आरूचे बाबा अकोल्याले कापसाच्या जिनिंगमंधी कामाले, फोन लावला तं लागे नाही. मी पोरीले खाकेले मारलं अन् एस्टीत बसली. रस्ताभर तिच्या नाकापाशी बोट धरून होती, श्वास चालू हाय की नाही म्हणून.

लॅबमंधी पाहते तं साठीकडं आलेला एक माणूस, कानावर पेन्सिल, एका मशीनसंग बोलून राहिला. मशीन म्हणजे कपाट आडवं पाडल्यावानी. रक्ताचा थेंब टाकून काच ठेवली का ते आत ओढून घेते, आतच थेंब पसरवते, वायवते, निया रंगात बुडवते, अन् दुसऱ्या बाजूनं काच तयार. मंग आतल्या खोलीतली मॅडम दुर्बिणीतून पाहते. माणसाचा हातच लागत नाही. मी म्हटलं, हात लागत नाही तं चुकलं कोणाले इचारा?

काका म्हणे, "भेऊ नोको माय, सासूबाई तापट हाय पण मनानं चांगली हाय." सासूबाई म्हणजे मशीन. तिचा रंग संपला तं म्हणे रुसली, आवाज केला तं म्हणे चहा मांगते. लॅबमंधली पोरं हसे, म्हणे काका तुमचं लग्न झालं नाही तं मशीनलेच सासू करून घेतलं काय. काका म्हणे, तुमच्या सासूपक्षा बरी हाय, सकायी बटन दाबलं का उठते.

आरूनं सुई पाह्यली अन् किंचायली. तवा त्यानं नवी सुई काढून आपल्या बोटाले टोचली, थेंब एका काचेवर घेतला, अन् तिले दाखोलं. म्हणे, "नवी नवरी सासरी चालली तं एकटी धाडत नाही नं कोणी? पाठराखीण लागते. तुह्या काचेसंग माही जाईन." आरू रडता रडता थांबली. दुसऱ्या सुईनं तिचं बोट टोचलं तं नुसती पाहत राह्यली. त्यानं दोन्ही काचेवर पेन्सिलनं नावं लिहिली. शाईचं नाव आतल्या स्पिरीटमंधी धुऊन जाते म्हणे, पेन्सिलचं राह्यते.

मी भेली. एकावानी एक काचा. बदलल्या तं? त्याचं रक्त माह्या पोरीचं म्हणून निंगालं तं, नाहीतं पोरीचं त्याचं म्हणून? मी नावं वाचली. आरू. सुखदेव. अजून वाचली. तिसऱ्यांदा वाचाले गेली तं काकानं काचा माह्यापुढं धरल्या.

काचा आत गेल्या अन् मशीनवर लाल लाईट लागला, पी पी कराले लागलं. मले वाटलं रक्त पाहूनच ओरडलं ते. काकानं त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणे, "दार उघड व बाई, लेकी आल्या." काच अडकली होती फक्त. मले ते मंग समजलं. तवा मी सगये देव बोलावून घेतले होते, ज्यायचे उपास मी कधी धरले नाही त्यायलेही.

आरूची काच मॅडमकडं गेली. किती वेय झाला मले माहीत नाही. मॅडम बाहेर आली अन् म्हणे, "मलेरिया आहे. तुम्ही घाबरलात तसलं काही नाही. औषधानं बरी होईल." मी बाकड्यावर बसली अन् पोरीच्या केसात तोंड खुपसून रडली.

रडून वर पाह्यलं तं काका आपली काच फुटक्या काचा टाकाच्या डब्यात टाकाले निंगाला होता. मी म्हटलं, काका, तुमचं काय निंगालं? तो हसला. म्हणे पाठराखिणीले कोण पाहते, नवरी पोचली, झालं. मी म्हटलं, इतक्या वर्षात एकदाही नाही दाखोली? त्यानं पेन्सिल कानावर ठेवाले हात नेला, पेन्सिल खाली पडली. ती उचलता उचलता हळूच म्हणे, "पाह्यलं अन् निंगालं काही, तं मले दवाखान्यात कोण नेईन व माय?"

दिवसभर लोकायले भेऊ नोको म्हणणारा माणूस. मले मॅडमशी बोलाचंही भेव वाटे, पण मी त्याच्या हातातून काच घेतली अन् आत गेली. म्हटलं, मॅडम, हेही पाहा. मॅडमनं नाव वाचलं, दारातून काकाकडं पाह्यलं, अन् दुर्बिणीले डोया लावला.

काका बाकड्यावर बसला होता, मी त्याच्या बाजूनं बसली. भेव तसंच, सकायचंच, आता काकासाठी. आरूनं इचारलं, "काका, तुमची काच एकटी गेली काय?" तिनं कापसाची पट्टी लावेल बोट सोडून दुसरं बोट त्याच्यापुढं धरलं. म्हणे, टोचा.

त्यानं सुई काढली नाही. ते बोट मुठीत धरून बसला, मॅडमनं दुर्बिणीवरून डोया वर करेपर्यंत.