गोदाआत्याचा कोरम

माझी गोदाआत्या ठराव मांडल्याशिवाय घरात भाजीसुद्धा निवडत नसे. गावच्या महिला दूध संस्थेची ती सचिव. संस्थेची बैठक महिन्यातून एकदा, पण आत्याची बैठक रोज चुलीपुढं. "आज पिठलं. सूचक मी. अनुमोदक कोन?" आई भाकरी थापता थापता "मी" म्हणून टाकायची, कारण अनुमोदन आलं नाही तर विषय तहकूब व्हायचा आणि आम्ही सगळे उपाशी.

माझं लग्नसुद्धा असंच ठरलं. मुलगा बघून गेला, सगळे आत्याकडं बघायला लागले. तिनं जरा डोळे मिटले आणि दुधाच्या कॅनमध्ये लॅक्टोमीटर बुडवून बघितल्यासारखी म्हणाली, "अठ्ठावीस डिग्री हाय. पानी न्हाई." यापेक्षा मोठं प्रमाणपत्र तिच्याकडून आजवर फक्त एका म्हशीला मिळालं होतं.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. अर्धी गुरं चारा छावणीत, विहिरी कोरड्या, सारं गाव टँकरवर. आत्या मात्र डेअरीत भलतीच खूश. "एवढं चोख दूध जल्मात बघितलं न्हाई," ती म्हणायची. "पानी घालायला पानीच न्हाई की!"

लग्नाला आठ दिवस राहिले आणि माझ्या बांगड्या भरायचा कार्यक्रम ठरला. त्याच संध्याकाळी आत्यानं ठराव मांडला, "बांगड्याला बायकांनी ल्हान पोरं आनू नयेत. पोरं पानी सांडत्यात. अनुमोदक?"

आई चुलीत फुंकर घालत राहिली. तेवढ्यात माझ्या वडिलांनी, दादांनी, कानाजवळची माशी हाकलायला मान हलवली. "मंजूर!" आत्या म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी डेअरीच्या फळ्यावर, फॅटच्या दराखाली, तिनं खडूनं सूचना लिहिली.

गावात गहजब झाला. शेजारची लता दुधाची किटली घेऊन थेट आमच्या दारात. "अवो आत्या, मग पोरं ठिवायची कुठं? छावनीत बांधू का?"

"वन्सं, लेकुरवाळ्या बायका कशा येतील हो?" आईनंही सांगून पाहिलं. आत्या ढिम्म. एकदा मंजूर झालेला ठराव ती स्वतःसुद्धा मोडत नसे.

पाणी सांडण्याचं कारण खोटं होतं. खरं कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत बहिणीच्या बांगड्यांना आत्या कौतुकानं पुढं बसली होती. एका पोरानं सगळ्यांदेखत विचारलं, "हिच्या हातात बांगड्या कावून न्हाईत?" ओसरीवरच्या बायका खाली बघायला लागल्या. आत्याचे मालक ती चोविशीत असताना गेले, हे त्या पोराला कुणी सांगायचं? "डेअरी उघडायची हाय," म्हणून आत्या उठली ती जेवायलाही परत आली नाही. दुपारी तर डेअरी बंदच असते. माझ्या बांगड्यांना तिला माझ्याजवळ बसायचं होतं, कुणी काही न विचारता. मलाही तेच हवं होतं, म्हणून मी त्या ठरावाविरुद्ध चकार शब्द काढला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी नेकनूरच्या बसनं बांगडीवाली हमीदाबी बांगड्यांची पेटी घेऊन आली. गावातल्या बायका खरंच पोरांशिवाय आल्या. म्हणजे पोरं आली होती, पण भिंतीपलीकडं उभी होती. अकरा डोकी भिंतीवरून आत बघत होती. आत्या त्यांच्याकडं पाठ करून माझ्याशेजारी बसली. हमीदाबीनं माझ्या हातात पहिली हिरवी बांगडी चढवली, शेवटचीही चढवली आणि आता बायकांची पाळी येणार, तोच वेशीकडून टँकरचा हॉर्न ऐकू आला.

चार दिवसांनी टँकर आला होता. बांगड्या काय पळून जात होत्या? सगळ्या बायका उठल्या, आईसुद्धा घागर घेऊन धावली. पण इकडचा नंबर कसा सोडायचा? टँकरच्या रांगेत आपण नसलो तर आपली घागर ठेवतो. इथं लतानं आपली चार वर्षांची पिंकी भिंतीपलीकडून उचलून स्वतःच्या जागेवर बसवली. "माझा नंबर धर गं," म्हणाली आणि पळाली. मग प्रत्येकीनं तेच केलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ओसरीवर अकरा पोरं रांगेनं बसलेली, आणि मोठ्यांत मी, हमीदाबी आणि आत्या.

आत्याचा चेहरा उतरला. उठून जाईल या भीतीनं मी तिचा पदर धरून ठेवला.

पिंकीनं आत्याचे दोन्ही हात नीट निरखले.

"आत्या, तुमी नंबर कावून न्हाई लावला?"

"मला नंबर नसतोय, बाळा," आत्या हळूच म्हणाली.

पिंकीनं थोडा विचार केला. मग ती उठली आणि जिथं बसली होती ती जागा हातानं झाडली. "मंग मम्मीच्या नंबरात बसा. मी धरलाय."

आत्या हलेना. शेवटी मीच म्हणाले, "सूचक पिंकी. अनुमोदक मी." आणि समोरच्या पोरांना विचारलं, "आत्यानं बांगड्या भरायच्या का रे?" अकराच्या अकरा हात वर झाले. एका पठ्ठ्यानं तर दोन्ही वर केले.

आत्या सरकत सरकत पिंकीच्या जागेवर जाऊन बसली.

"माप क्या है, बाई?" हमीदाबीनं विचारलं.

"सव्वादोन," आत्या ताबडतोब म्हणाली. अठरा वर्षांत तिनं बांगडीला हात लावला नव्हता.

बायका भरलेल्या घागरी घेऊन परतल्या तेव्हा आत्याच्या उजव्या हातात सहा हिरव्या बांगड्या होत्या आणि डावा हात हमीदाबीच्या हातात होता. सगळ्या दारातच थबकल्या. मी आत्याकडं बघितलं. या वेळी ती उठली नाही, हातही मागं घेतला नाही.

"ठराव झालाय," ती म्हणाली. "कोरम पुरा व्हता."

लतानं डोक्यावरची घागर खाली ठेवली. "अन् माझा नंबर?"

"गेला. मागं बस."

लता पदरात तोंड लपवून हसायला लागली, मग आई, मग सगळ्याच. पोरांना त्या दिवशी कुणी बाहेर काढलं नाही. त्यांनी अर्धी कळशी पाणी सांडलं, तरी आत्यानं त्यावर एकही ठराव मांडला नाही.

लग्न लागलं आणि मी सासरी निघाले. पाठवणीला आत्यानं मला कवेत घेतलं आणि थोपटायला लागली. माझ्या पाठीवर तिच्या बांगड्या तेवढ्या वाजत राहिल्या.