बोल्गारचा कंदील

दरवाजा वितळला तेव्हा व्हर्नन क्रुगर नुकताच फासा खुळखुळवायला लागला होता.

दरवाजा अर्थातच लाइलने सांगितलेल्या गोष्टीतला. विस्कॉन्सिनमधल्या त्या तळघरात गेली अकरा वर्षं दर रविवारी, चर्च आटोपलं की, चार माणसं टेबलाभोवती बसून पराक्रम गाजवत. ग्रंथालयातून निवृत्त झालेला लाइल हा सूत्रधार. राक्षस, किल्ले, पाऊसपाणी सगळं त्याच्या ताब्यात. बाकी तिघांनी एकेक पात्र घ्यायचं, आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशाला विचारायचं. पास्टर गुंडरसन खेळात चोर होते. आठवडाभर लोकांना सन्मार्ग दाखवून माणूस दमतो. व्हर्ननची मेव्हणी डोरीन जादूगारीण होती. आणि व्हर्नन होता बोल्गार, तलवारबाज, छाती कपाटाएवढी. दरवाजे फोडण्याचं खातं पहिल्यापासून त्याचं.

“नको रे दमूस,” विणकामावरची मान वर न करता डोरीन म्हणाली. “वितळवलाय मी.”

पलीकडे सहा पहारेकरी होते. तिने त्यांना झोपवलं.

“मग मी काय करू?” व्हर्ननने विचारलं.

लाइलने कागद चाळले. कुणाला नाराज करणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. “आत अंधार आहे,” तो म्हणाला. “कंदील धरतोस?”

व्हर्ननने कंदील धरला. “वेगळंच आहे हे,” एवढंच तो बोलला, आणि पास्टरांचा घास तोंडाशीच थांबला. त्या भागात ‘वेगळंच आहे’ याहून जहाल शब्द भला माणूस काढत नाही. घर जळालं तरी नाही.

अकरा वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं. डोरीनच्या जादूगारणीला तेव्हा मांजराने ओरबाडलं असतं तरी ती गतप्राण झाली असती. दिवसाला एक मंत्र, तोही बहुधा वाया जायचा. मग उरलेला दिवस ती बोल्गारच्या पाठीमागे काढायची. पण या खेळात अनुभव वाढेल तशी शक्ती वाढते, आणि ती सगळ्यांची सारखी वाढत नाही. तलवारबाजाची बढती सरकारी कारकुनासारखी: काल जो दगड उचलायचा त्याहून किंचित मोठा दगड. जादूगारीण मात्र उडायला लागली, मग अदृश्य व्हायला लागली, गेल्या नाताळात तिने काळ थांबवला. बोल्गार त्या वेळी पायऱ्या चढत होता. तो तसाच एका पायावर थांबला.

पुढच्या रविवारी काळ्या दरीतला ड्रॅगन होता. अकरा वर्षांची सगळी पायपीट त्याच्यासाठी. त्याच्यासमोरही बोल्गारच्या हातात कंदीलच आला, तर बोल्गारच्या ताकदीचा हिशेब लिहिलेला कागद कायमचा ड्रॉवरमध्ये टाकायचा, असं व्हर्ननने मनाशी ठरवलं.

हे त्याने लाइलला सांगितलं ते शनिवारी, गोठलेल्या तळ्यावर, बर्फातल्या भोकात गळ सोडून दोघं दोन तास गप्प बसल्यावर. लाइलने आणखी अर्धा तास भोकाकडे पाहिलं. संध्याकाळी त्याने डोरीनला फोन केला आणि कुणाचंही नाव न घेता सांगितलं, की आपल्यातल्या एका तलवारबाजाला जरा वाईट वाटतंय.

डोरीन काही दुष्ट बाई नव्हती. चाळीस वर्षं विम्याचे अर्ज तपासल्यामुळे तिला बारीक अक्षर वाचायची सवय होती, इतकंच. रविवारी आल्या आल्या तिने जाड फाइल व्हर्ननपुढे ठेवली. “आज तू जादूगारीण हो. मी बोल्गार.”

“छे, छे. तुझी आहे ती.”

“घे रे.”

“नको, खरंच नको.”

“घे म्हणते ना.”

तिसऱ्यांदा म्हटल्यावर घ्यायचं असतं. व्हर्ननने घेतली. फाइलमध्ये एक्केचाळीस पानं मंत्र होते, रंगीत चिठ्ठ्या लावलेले. डोरीनच्या हाती आले कॉफीचे डाग पडलेले दोन कागद, आणि मागे टाचलेली एक यादी.

“हे काय रे?”

“अं? ते असंच. वाटेत मिळालेल्या वस्तू. राहू दे, अडीअडचणीला लागतील.”

व्हर्ननच्या स्वतःच्या तळघरात लोण्याचे रिकामे डबे छतापर्यंत होते, आणि लग्नात आलेले टॉवेल अजून पाहुण्यांची वाट बघत होते. डोरीन ते सगळं ओळखून होती. तिने चष्मा लावला आणि यादी वाचायला घेतली.

ड्रॅगन दरीतून वर आला. लाइलने तो सहा आठवडे खपून मातीचा घडवला होता, एकेक खवला रंगवलेला. पहिली पाळी जादूगारणीची. व्हर्ननने फाइल उघडली. ‘अग्नी’चं पान काढलं तर तिथे ‘ज्वाला पाहा’ असं होतं, आणि ‘ज्वाला’कडे गेला तर वाऱ्याची दिशा विचारली होती. वीस मिनिटं गेली. ड्रॅगन सभ्यपणे थांबला. पास्टरांची दुसरी कॉफी झाली. शेवटी व्हर्ननने फाइल मिटली आणि अकरा वर्षं जे केलं तेच केलं.

“मी पुढे होतो. सगळ्यांनी माझ्या पाठीमागे.”

“व्हर्न,” लाइल हळूच म्हणाला, “तुझ्या अंगात रेशमी झगा आहे.”

“मागे या म्हणतो ना.”

ड्रॅगनने शेपूट हलवली, तीही मारायला नव्हे, नुसती वळताना. जादूगारीण संपली.

व्हर्नन फाइलकडे बघत राहिला. बायकोच्या बहिणीची अकरा वर्षांची कमाई त्याने एका वाक्यात घालवली होती.

“आता मी ना?” डोरीनने बोट यादीवर ठेवलं. “राक्षसाच्या ताकदीचं औषध, हे पिते. आगीपासून वाचवणारी अंगठी घालते. हे शिंग वाजवलं की शंभर मेलेले योद्धे येतात म्हणे.”

“ते शिंग कुणी दिलं तुला?” लाइलने विचारलं.

“तूच. दुसऱ्या वर्षी.”

पुढे जे झालं त्याला युद्ध म्हणणं कठीण. डोरीनने जाळं टाकलं, उडता गालिचा काढला, विजेचा भाला फेकला, आणि ड्रॅगनने तोंड उघडायच्या आत तो आटोपला. यादीत तळाशी संजीवनीची एक कुपी होती. ती तिने स्वतःच्या जादूगारणीच्या घशात ओतली. लाइलने मातीचा ड्रॅगन उचलला, शेपटीवरून एकदा बोट फिरवलं आणि खोक्यात ठेवला.

लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या गोड वडीचा, शेवटचा तुकडा ताटात होता. शेवटचा तुकडा तिथे कुणी उचलत नाही; पास्टरांनी अर्धा कापला, लाइलने अर्ध्याचा अर्धा.

“हे तलवारबाज,” पास्टर खोकून म्हणाले, “जरा वेगळेच आहेत.”

व्हर्ननचे कान तापले. लाल झाले, पण सुखाने.

पुढच्या रविवारी लाइलने नवा नियम टाइप करून आणला. तलवारबाजांची ताकद प्रमाणाबाहेर गेल्यामुळे यापुढे त्यांना तीनपेक्षा जास्त जादूच्या वस्तू बाळगता येणार नाहीत. डोरीनने सगळ्यांत आधी सही केली. व्हर्ननने रीतसर तीनदा हरकत घेतली. एकदाच चालणाऱ्या त्या सगळ्या वस्तू ड्रॅगनवर खर्ची पडून बोल्गारकडे आता एकही उरली नव्हती, ही गोष्ट कुणी काढली नाही, त्यानेही नाही. नियमाची घडी घालून त्याने ती शर्टाच्या खिशात जपून ठेवली आणि ताटातला शेवटचा तुकडा अख्खा उचलला.

खेळ सुरू झाला. समोर बंद दरवाजा होता.

“तूच बघ बाबा,” डोरीन म्हणाली. “तुझ्यापुढे आमचं काय चालणार?”

व्हर्ननने फासा टाकला. तीन. दरवाजा हलला नाही. पुन्हा टाकला. पाच. मग दोन. चोराने मघाशीच पळवलेली त्या दरवाजाची किल्ली पास्टरांनी आपल्या कागदावर लिहिली होती. त्या ओळीवर त्यांनी कॉफीचा कप ठेवला.

“अंधार आहे का रे तिथे?” डोरीनने विचारलं.

“आहे थोडा,” लाइल म्हणाला.

“मग तू चालू दे, व्हर्न,” ती म्हणाली. “कंदील मी धरते.”